संगीत नाटकाची ऑडिशन : पदाची तयारी आणि शिकवणी यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (अमळनेर)
पुण्यातील एका नाट्यसंस्थेच्या संगीत नाटकासाठी पुढील महिन्यात ऑडिशन आहे. दोन मिनिटांचे स्वगत आणि एक नाट्यपद सादर करावयाचे आहे. मी शास्त्रीय गायन शिकते, महाविद्यालयाच्या एकांकिकांत कामेही केली आहेत. परंतु गाणे आणि अभिनय एकत्र कधी केलेले नाही. ‘सौभद्रा’तील ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे पद निवडले आहे. त्यात ताना किती घ्याव्यात? आमच्या घरी अहिराणी बोलली जाते, त्यामुळे उच्चारांचीही धास्ती वाटते. ऑनलाइन शिकवणी लावावी का?

उत्तर (जळगाव, ऑर्गनवादक)
पदाची निवड उत्तम आहे. ताना मात्र जवळजवळ नकोतच, असे माझे स्पष्ट मत आहे. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील पदे कथानक पुढे नेतात; बैठकीच्या गायकीचा विस्तार संगीत रंगभूमीवर पुढील काळात वाढला. बलरामाने दुर्योधनाशी विवाह ठरवला आहे, मन अर्जुनाकडे आहे, आणि या कोंडीत सापडलेली सुभद्रा सखीला प्रश्न विचारते आहे. ती सखी तुमच्या नजरेसमोर नसेल, तर आवाज कितीही तयारीचा असला तरी परीक्षकांना केवळ गायिका दिसेल, सुभद्रा दिसणार नाही.

काही दिवस हे पद चाल बाजूला ठेवून गद्यासारखे म्हणा आणि बोलताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो, तिथेच तो गातानाही घेऊन पाहा. त्यानंतर पदाआधीचे एखादे वाक्य बोलून, मध्ये न थांबता, थेट मुखड्यावर, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीवर, येण्याचा सराव करा; संगीत नाटकातील नटाची खरी परीक्षा या सांध्यावरच होते. पट्टी, म्हणजे तुम्ही ज्या स्वराला ‘सा’ मानून गाता तो स्वर, साथीदाराला आधीच सांगून ठेवावी. नेहमी काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातील चौथ्या काळ्या पट्टीत) गात असाल आणि वरच्या स्वरांवर शब्द चिरडले जात असतील, तर निःसंकोचपणे पट्टी उतरवा. पुष्कळदा पहिल्या अंतऱ्यानंतर थांबवले जाते, म्हणून उत्तम ते शेवटासाठी राखून ठेवू नका.

उत्तर (धुळे, नाट्यशिक्षिका)
आपल्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ सहज होते, यात कमीपणा मुळीच नाही. परंतु तुमच्या पदाच्या पहिल्याच ओळीत ‘कुणाला’ आणि ‘शरण’ असा दोनदा ‘ण’ येतो, पुढे ‘हरण’ आहेच. तिथे ‘न’ ऐकू आला तर तो लगेच खटकेल. संथ वाचनात उच्चार सांभाळले जातात, संतापाच्या किंवा घाईच्या वाक्यांत ते निसटतात, म्हणून नेमकी तीच वाक्ये मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. अहिराणीतील एक छोटे स्वगतही तयार ठेवा. ‘आणखी काही दाखवा’ असे म्हटले गेल्यास ते तुमचे बळ ठरेल.

ऑनलाइन शिकवणी स्वगत आणि उच्चारांसाठी उपयोगी पडते. तालातील पदासाठी ती अपुरी आहे, कारण आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि साथ जुळत नाही. त्यासाठी गावातीलच तबला-पेटीवाल्यांबरोबर प्रत्यक्ष बसावे. नवख्याला उभे राहणे, श्वास आणि संहितेचे वाचन शिकवावे लागते, तर अनुभवी नटाला बहुधा निवड आणि काटछाट यांतच मदत हवी असते. दोघांनाही एकच साचा देणारा शिक्षक टाळावा. भूमिका मिळवून देण्याची हमी कोणी देत असेल, तर तिथे पैसे भरू नयेत.

उत्तर (भुसावळ)
रात्रीच्या गाडीने पोहोचून सकाळी गाऊ नका. शक्य असल्यास आदल्या दिवशीच पुण्यात मुक्काम करा. पूर्ण वेशभूषेची गरज नाही, उठता-बसता येईल असा साधा पोशाख पुरे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पदाआधीचे वाक्य संहितेतीलच असावे, की स्वतः रचलेले चालेल?

उत्तर (जळगाव, ऑर्गनवादक)
संहितेतीलच घ्या. फार लांब असेल तर सुरुवातीचा भाग गाळा, पण शब्द बदलू नका. आणि त्या पानाची एक प्रत साथीदारासाठी सोबत ठेवा, म्हणजे कोणत्या शब्दावर सूर द्यायचा हे त्यांना कळेल.