मदत हवी आहे: खडीने उडालेले गाडीच्या रंगाचे टवके घरच्या घरी बुजवता येतील का? (पुणे)

नमस्कार मंडळी,

पाऊस सुरू व्हायच्या आत एक काम उरकायचं आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

माझी चंदेरी मेटॅलिक रंगाची हॅचबॅक आहे. राहायला धायरीला आणि नोकरी शिरवळ एमआयडीसीत. म्हणजे नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड-शिवापूर असा रोजचा महामार्ग. खडी आणि क्रश सँडचे डंपर या पट्ट्यात किती असतात ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. ताडपत्री अर्धवट ओढलेली, मागच्या फाळक्याच्या फटीतून खडी गळत असते. आपल्याकडची खडी म्हणजे काळा बेसाल्ट. ऐंशीच्या वेगात गाडीवर एक खडा बसला तरी टवका उडतोच.

बंपरवर बारीक टवके बरेच आहेत, पण ते प्लास्टिक असल्यामुळे त्यांची घाई नाही. खरी काळजी बॉनेटच्या पुढच्या कडेची आहे. तिथल्या बहुतेक टवक्यांत राखाडी प्रायमर दिसतो, काही मात्र थेट पत्र्यापर्यंत गेलेत. त्यातला सर्वांत मोठा नीट न्याहाळून पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. मधोमध तपकिरी ठिपका, भोवती राखाडी कडं, आणि एका बाजूला रंगाची कड नखाला अडकेल इतकी उचललेली. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की त्या कडेखाली तपकिरी रेघ आत शिरलेली दिसते. शिवाय टपाच्या पुढच्या कडेला, समोरच्या काचेच्या अगदी वर एक टवका आहे. तो मला सगळ्यात जास्त खटकतो.

एका वर्कशॉपमध्ये दाखवलं. त्यांचं म्हणणं, पूर्ण बॉनेट घासून नव्याने रंगवा, आणि शेड जुळण्यासाठी दोन्ही फेंडरवरही थोडा हात फिरवावा लागेल. मला हे पटत नाही. कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता सांगाडा असतो, त्यामुळे वरचे थर १४० अंशांच्या आसपास भाजता येतात. तयार गाडीत रबर, प्लास्टिक, वायरिंग असतं, म्हणून बाहेरच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांपर्यंतच तापवतात. मूठभर टवक्यांसाठी तो मूळ रंग घासून टाकायला मन धजत नाही. मला ही गाडी अजून बरीच वर्षं वापरायची आहे. टवका लांबून दिसला तरी चालेल, गंज मात्र थांबला पाहिजे.

रंगाच्या कोडप्रमाणे टच-अपची जोडी आणून ठेवली आहे, एक रंग आणि एक क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर). दोन्हींच्या झाकणाला ब्रश आहे. २००० नंबरचा वॉटर पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलही घरात आहे.

आता शंका. गंज आधी पूर्ण खरवडायचा की वरून रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावलं की पुरे? पत्रा उघडा असेल तिथे वेगळा प्रायमर लागतोच का? लावलेल्या रंगाचा उंचवटा राहिला तर तो पेपरने घासून सपाट करण्यात धोका किती? आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करावं का? उघड्यावर धूळ आहे, ऊन आहे, आणि वळीव कधी येईल त्याचा भरवसा नाही.

ज्यांनी स्वतःच्या हाताने हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

*

प्रतिसाद १

ताई, मी बॉडी शॉपमध्ये पेंटिंगला होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही घरी करू शकाल, आणि मूळ रंग राखायचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे.

आधी थर लक्षात घ्या, म्हणजे हात आपोआप जपून चालेल. पत्र्यावर ई-कोट (कारखान्यात विजेच्या साहाय्याने चढवलेला पहिला थर), त्यावर प्रायमर सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी क्लिअर. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर ४०-५० मायक्रॉनचा, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तो हाच. पत्र्याला गंजापासून खरं राखतो तो ई-कोट. खड्याने ई-कोट फुटला की गंज सुरू. राखाडी दिसतंय तिथे तो बहुधा शाबूत आहे, तिथे स्वच्छ करून रंग आणि क्लिअर एवढंच पुरे. तपकिरी दिसतंय तिथे मात्र तळापासून काम करायचं.

गंज खरवडायचाच. कन्व्हर्टर गंजावर काम करतं, पण वरचा सुटा गंज आणि उचललेला रंग तसाच ठेवून लावलं तर ते खालपर्यंत पोचत नाही आणि थोड्या महिन्यांत तिथेच फुगवटा येतो. तुमच्या त्या मोठ्या टवक्याची उचललेली कड आधी काढावी लागेल. सुईच्या टोकाने हळूच उचकटा, जेवढा रंग सुटा आहे तेवढाच निघेल. टवका थोडा मोठा दिसेल, घाबरू नका. मग ४०० नंबरच्या पेपरचा छोटा तुकडा काडीच्या टोकावर गुंडाळून फक्त खळग्याच्या आत फिरवा, पत्रा पांढरा चकचकीत दिसेपर्यंत. आजूबाजूच्या चांगल्या रंगाला लागू नये म्हणून भोवती मास्किंग टेप लावा आणि खरवडून झाल्यावर काढा. खोल बारीक छिद्रांत काळपट राहिलंच, तर तिथेच कन्व्हर्टरचा थेंब, डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका थांबून. चांगल्या रंगावर सांडलं तर लगेच पुसा.

पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर तसा ठेवू नका, दमट हवेत सकाळपर्यंत पुन्हा तपकिरी झाक येते. टच-अपचा रंग थेट पत्र्यावर धरतो असं वाटतं, पण त्यात गंज रोखण्याची ताकद नसते. इपॉक्सी प्रायमर मिळाला तर उत्तम. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच घ्या.

रंग लावताना झाकणातला ब्रश बाजूला ठेवा, तो या कामाला फार जाड आहे. चित्रकलेचा ००० नंबरचा ब्रश किंवा टूथपिक घ्या. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी असते, ती तळाशी बसते. म्हणून बाटली दोन-तीन मिनिटं चांगली हलवा, आणि मध्येमध्येही हलवत राहा. थेंब खळग्याच्या मध्यावर टेकवायचा आणि कडेपर्यंत त्याचा त्याला पसरू द्यायचा. ब्रश ओढायचा नाही. वाळल्यावर रंग आकसतो, खळगा पुन्हा दिसायला लागतो. मग दुसरा थेंब, लागला तर तिसरा, मध्ये अर्धा-पाऊण तास सोडून. रंग आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खालीच ठेवा, वर क्लिअरला जागा हवी.

चंदेरी रंगाबद्दल एक स्पष्ट सांगतो. फवाऱ्याने मारलेल्या रंगातली चंदेरी कणी सपाट पसरते, टूथपिकने लावलेल्यातली वेडीवाकडी बसते. त्यामुळे कोड तंतोतंत असला तरी एका बाजूने ठिपका गडद दिसेल, दुसऱ्या बाजूने जुळेल. हा दोष हाताचा नाही, त्यामागे लागून थरावर थर चढवू नका.

तळघरात करायचं तर हवा खेळती असेल अशा जागी, रॅम्पजवळ करा, आणि आसपास कुणी विडी-सिगारेट ओढणार नाही ते पाहा. टू-के म्हणजे हार्डनरवाल्या क्लिअरचा स्प्रे कॅन घरी वापरू नका. त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क अडवत नाही आणि फुप्फुसाला ते फार वाईट. बाटलीतल्या एक-दोन थेंब क्लिअरने तुमचं काम होतंय.

*

प्रतिसाद २

वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त वेळेबद्दल: सकाळी लवकर करा. मे महिन्यात दहानंतर बॉनेटवर हात ठेववत नाही, अशा तापलेल्या पत्र्यावर थेंब पसरायच्या आत वाळतो आणि गोळा होऊन बसतो. पावसाळी दमट हवेत उलटी अडचण. थिनर उडताना पत्रा थंड पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग दुधाळ होतो. वळीव पडून गेलेल्या संध्याकाळी तर हात लावूच नका.

इपॉक्सी प्रायमर छोट्या डब्यात हवा असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करा, नाहीतर नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत. कुणी पारदर्शक नेलपॉलिश लावा म्हणेल. ते ऐनवेळी पाणी अडवायला ठीक, तेही गंज नसलेल्या टवक्यावर. उन्हात ते पिवळं पडतं, तडकतं, आणि नंतर खरवडून काढायचं काम वाढतं.

*

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत. बॉनेटची पुढची कड टवक्यांनी भरून गेली असेल तर रंगवून घेण्यात कमीपणा नाही, चांगल्या हातचं काम वर्षानुवर्षं टिकतं. पण विम्याचा क्लेम करून रंगवायचा विचार असेल तर हिशेब आधी मांडा. क्लेम न केल्यास ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एका क्लेमने पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. तुमची सूट वर चढली असेल तर बॉनेटसाठी ती घालवणं महागात पडेल.

शिवाय पुढेमागे विकायची वेळ आलीच, तर हल्ली गाडी बघायला येणारा मायक्रॉन मोजायचं यंत्र घेऊन येतो. मूळ रंगाची गाडी शंभर-सव्वाशे दाखवते, पुन्हा रंगवलेला भाग दोनशेच्या वर जातो, आणि खाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आकडा आणखी कितीतरी पुढे. मग बॉनेट ठोकलं होतं का, या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागतं. नीट बुजवलेल्या टवक्यांना कुणी नावं ठेवत नाही.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद छापून गाडीत ठेवते आहे. विम्याचा मुद्दाही पटला, क्लेम करत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. क्लिअर वाळल्यावर उंचवटा राहिला तर घासू की नको? आणि टपाच्या कडेचा टवका. आज पुन्हा पाहिला तर टवक्याच्या खालच्या बाजूला, काचेच्या रबराकडे, रंग किंचित फुगल्यासारखा वाटतोय. बोटाने दाबलं तर तो भाग थोडा दबतो.

*

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, उंचवट्याचं आधी सांगतो. निदान आठवडाभर थांबा, क्लिअर आतून वाळायला वेळ लागतो. मग २००० चा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून खोडरबराच्या छोट्या तुकड्यावर घ्या आणि फक्त उंचवट्याच्या माथ्यावर, दाब न देता, गोल न फिरवता सरळ पुढेमागे चालवा. दर चार-पाच हातांनंतर पुसून बघा. पुसलेल्या जागी उंचवट्याचा माथा मॅट दिसेल, भोवतालचा क्लिअर चकचकीत राहिला पाहिजे. भोवतालही मॅट व्हायला लागला की थांबा, कारण तिथून पुढे तुम्ही कंपनीचा क्लिअर खाताय. मग ३००० चा पेपर आणि शेवटी चकाकी आणणारं रबिंग कंपाउंड. पॅनेलच्या धारेवर, म्हणजे बॉनेटच्या अगदी कडेला, पेपर लावूच नका. धारेवर रंग मुळात पातळ असतो, दोन हातांत प्रायमर दिसायला लागतो. तिथला उंचवटा तसाच राहू द्या. गंज थांबवायला सपाट असणं गरजेचं नाही.

टपाचा टवका मात्र घरी करू नका. रंग दबतोय म्हणजे गंज टवक्याच्या बाहेर, रंगाखालून सरकलाय, आणि तोही काचेच्या दिशेने. समोरची काच पत्र्याला युरेथेनच्या चिकटपट्ट्याने धरलेली असते. तो ज्या पत्र्यावर चिकटलाय तिथपर्यंत गंज गेला तर पकड सुटते, पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरतं, आणि अपघातात काच जागेवर राहण्याचा भरवसा राहत नाही. वरून रंगाचा थेंब टाकलात तर फुगवटा झाकला जाईल आणि आतलं काम चालू राहील.

चांगल्या बॉडी शॉपमध्ये न्या आणि आधीच विचारा की काचेचं रबर उचलून खाली बघणार का. गंज रबराच्या अलीकडेच असेल तर तेवढाच पट्टा उघडा करून इपॉक्सी प्रायमर आणि रंग, काम आटोपशीर आहे. रबराखाली गेला असेल तर काच उतरवूनच करावं लागतं. काच न उतरवता नुसती टेप लावून रंग मारतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. हे जूनच्या आधी करा, बॉनेटचे टवके त्यानंतर एखाद्या रविवारी केले तरी चालतील. गाडी न्यायच्या आधी फुगवट्याचा जवळून फोटो इथे टाकलात तर रबराखाली कितपत गेलं असेल ते बघून सांगतो.