पाळणाघराला फायर एनओसी? आधी जिन्यातली चपलांची कपाटं हलवा

पाळणाघरवाली:
सोसायटीच्या ग्रुपवर काल एका गृहस्थांनी भलीमोठी पोस्ट टाकली. सारांश असा की घरगुती पाळणाघरं म्हणजे आगीचे सापळे, फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, नसेल तर कुलूप ठोका. खाली अठ्ठावीस अंगठे. त्यातल्या चौघांची पोरं माझ्याच हातचा वरणभात खाऊन मोठी झालीत.

डोंबिवली, सात मजली इमारत, तिसरा मजला, टू बीएचके. सोळा वर्षं झाली. सध्या नऊ मुलं, मी आणि एक मावशी. 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीतली आग विझवायची यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा बी फॉर्म द्यायचा असतो, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. तो देते सोसायटी, मी नाही. आमच्या मजल्यावरच्या होजच्या कपाटात पाइपऐवजी झाडू आणि फिनेल आहे. त्यावर कुणी पोस्ट टाकत नाही. मी चूल बंद केली की नऊ घरांतल्या बायकांनी नोकऱ्या सोडायच्या का?

मुलुंडचा बाप:
ताई, राग नको, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. नऊ मुलं, दोन बायका. रांगणारी किती? भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला नवजात विभागात दहा बाळं गेली. तिथं डॉक्टर होते, नर्स होत्या. स्वतःच्या पायानं बाहेर येऊ न शकणारं मूल म्हटलं की हिशेबच बदलतो.

पाळणाघरवाली:
भंडारा सरकारी रुग्णालय. वेळ रात्री दोनची. माझ्या कुकरशी काय संबंध? आणि रांगणारी दोन, झोपाळू तीन, बाकी पळणारी. पळणारी जास्त त्रास देतात.

मुलुंडचा बाप:
कुकरवरूनच बोलायचं तर तामिळनाडूतलं कुंभकोणम. 2004. शाळेच्या स्वयंपाकाची आग झावळ्यांच्या छपराला लागली, 94 मुलं गेली.

पाळणाघरवाली:
माझं छप्पर सिमेंटचं आहे हो.

बंबवाला (निवृत्त):
तीस वर्षं दलात काढली. एनओसीचं सोडा. घरात माणूस आगीने कमी आणि धुराने जास्त जातो, आणि लहान मूल घाबरलं की बाहेर येत नाही, पलंगाखाली नाहीतर कपाटात लपतं. एका खोलीत दोनदा बघून मी परत फिरलो होतो. पोरगी धुणं टाकायच्या टोपलीत सापडली. जिवंत होती, म्हणून आज सांगतोय.

ताई, तीनच गोष्टी बघा. मुख्य दार आतून किल्लीशिवाय उघडतं का? सेफ्टी डोअरची कडी मावशींच्या हाताला येते का? आणि ग्रिलला उघडणारी झडप आहे का? खिडकीला पक्कं ग्रिल म्हणजे पिंजरा. शिडी लावूनही आम्ही बाहेर कटर घेऊन बसतो.

ठाणेकर७२:
वा! म्हणजे ग्रिल काढा! आमच्या मागच्या विंगेत दोन वर्षांचं पोर चौथ्या मजल्यावरून पडलं. ग्रिल नव्हतं. त्याच्या आईला जाऊन सांगा तुमची झडप.

बंबवाला (निवृत्त):
काढा कुठं म्हटलं? उघडणारी ठेवा. आतून कुलूप, किल्ली खिडकीशेजारी मोठ्यांच्या उंचीवर.

ठाणेकर७२:
किल्ली खिडकीशेजारी म्हणजे चोराला निमंत्रण. ग्रिलमधून काठी घालून मोबाइल गेलाय माझा. 2019. पोलीस म्हणाले, खिडकीत ठेवलात कशाला.

गच्चीवरची गौरी:
आणि ग्रिल बाहेर दोन फूट काढून त्यात कुंड्या, जुनी सायकल, फुटका कूलर! आमच्या वरच्यांच्या कुंडीचं पाणी माझ्या पापडांवर पडतं. तक्रार केली तर म्हणे तुळस आहे. तुळशीला सात कुंड्या लागतात?

ठाणेकर७२:
बिल्डर स्वयंपाकघर एवढंसं देतो, मग माणूस ग्रिल बाहेर काढणार नाही तर काय करणार?

*(पुढचे एकोणीस प्रतिसाद ग्रिल, पापड आणि बिल्डर.)*

सॅन होजेची सून:
आमच्या कॅलिफोर्नियात घरगुती डेकेअरला सहा महिन्यांतून एकदा ड्रिल, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायचा सराव, करून तारीख लिहावी लागते. एकटी बाई फक्त तान्ही सांभाळत असेल तर चारच. चौदापर्यंत मुलं घ्यायची तर फायर खात्याची मंजुरी हवी.

पाळणाघरवाली:
आणि महिन्याचे पैसे किती घेतात तेही लिहा. इकडे मी साडेतीन हजार सांगितले की लोक दुपारच्या खाण्याची घासाघीस करतात. चारच मुलं ठेवली तर मावशींचा पगार कुठून देऊ?

सॅन होजेची सून:
फी अंगावर येते, मान्य. पण ड्रिलला पैसे लागत नाहीत.

नुसता वाचक:
आमच्या मुलीच्या पाळणाघरात गॅसची नळी उंदराने कुरतडली होती. तो गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो, आणि खाली सतरंजीवर मुलं झोपलेली. बाईंनी दिव्याचं बटण दाबलं नाही, पंखा लावला नाही. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, मुलं उचलून जिन्यात. मग 1906 या गॅसगळतीच्या नंबरवर फोन. त्यांच्याकडे एनओसी नव्हती. माझी मुलगी आज जिवंत आहे.

मुलुंडचा बाप:
नशीब म्हणा. सगळ्याच बाई अशा नसतात.

पाळणाघरवाली:
बंबवाले काका, तुमच्या प्रतिसादाने रात्री झोप लागली नाही, म्हणून आज साडेचारला करून बघितलं. मुलांना सांगितलं, आगगाडी करायची, दोरीला धरून खाली. सात मिनिटं लागली.

सेफ्टी डोअरची वरची कडी मावशींना पोहोचत नाही. सोळा वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही, कारण दार मीच उघडते. एक पोरगा सँडलचा पट्टा लागल्याशिवाय हलेना. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात चपलांचं कपाट, त्याच्यापुढे कुणाची तरी तीनचाकी, तिथं आगगाडीचा एकेक डबा सुटा करावा लागला. मी रांगणारी दोन्ही कडेवर घेतली तर कठड्याला धरायला हात उरला नाही. आणि खाली मोजली तर आठ. नववी बाथरूममध्ये दार लावून गाणं म्हणत होती.

सुतार उद्या येतोय. कडी खाली घेणार, बाथरूमची आतली काढणार. समोरच्या काकू दुपारी घरीच असतात, त्या एक मूल घ्यायला येईन म्हणाल्या.

मुलुंडचा बाप:
सात मिनिटं! मग मी वेगळं काय म्हणत होतो?

पाळणाघरवाली:
तुम्ही मुलं मोजत होतात, ग्रुपवरचे गृहस्थ एनओसी म्हणत होते. त्या कागदाला बाथरूममधलं गाणं ऐकू आलं नसतं.

मुलुंडचा बाप:
बरं. पण एका बाईमागे तीन-चारच मुलं हवीत, हे मी सोडत नाही.

पाळणाघरवाली:
नका सोडू. मीही दोनच्या वर तान्ही यापुढे घेणार नाही. तुमच्या प्रतिसादामुळे नाही, कठड्यामुळे. आणि सेक्रेटरींना कपाटाबद्दल चौथा मेसेज टाकलाय. कपाट त्यांचंच आहे.

ठाणेकर७२:
सगळं ठीक. पण झडपेतून चोर आला तर जबाबदार कोण, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.