किंगडम हार्ट्सले "पोट्ट्यांचा गेम" म्हणणाऱ्याले उत्तर (लांब आहे, वाचाचं तं वाचा)

वऱ्हाडातला_सोरा
काल कापूसकोंड्या भाऊनं पोस्ट टाकली का "बदक अन् कुत्रा संगं घेऊन चाबीनं राक्षस मारणारे तिशीतले घोडे पाह्यले का हसू येते, किंगडम हार्ट्सच्या गोष्टीले ना डोकं ना शेपूट, हा पोट्ट्यांचा गेम आहे, यायले वावरात डवरणीले पाठवा." खाली सगळ्यायनं हसून घेतलं. मी डवरणी करूनच आलो भाऊ, आता बोलतो. (ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी: किंगडम हार्ट्स हा डिस्नेच्या कार्टूनच्या दुनियेत फिराचा व्हिडिओ गेम आहे; बदक म्हणजे डोनाल्ड, कुत्रा म्हणजे गूफी.)

किंगडम हार्ट्स २ ची सुरुवात कोणी खेळली आहे का इथं? पयले दोन-तीन तास तुमच्या हातात सोरा, म्हणजे गेमचा हिरो, राहतच नाही. रॉक्सस नावाचा पोरगा आहे, सुट्ट्या संपत आल्या, दोस्तायसंगं टॉवरवर बसून खारट आइस्क्रीम खाते, समुद्रावर जायचं म्हणून छोटीमोठी कामं करून पैसे जमवते. अन् मंग त्याले समजते का हे गावच बनवलेलं आहे, आठवणी बनवलेल्या, अन् सोराले उठवाचं असन तं याले मिटा लागते. त्याले कोणी विचारत नाही तुले जगाचं आहे का म्हणून. हे पोट्ट्यांसाठी लिवलं?

आम्ही तिघं जण गावात पाण्याच्या टाकीवर बसाचो. एक चाकणले गेला कंपनीत, एक सुरतेले, मी राह्यलो कारण बाबाची तब्येत. तवा जुन्या कॉम्प्युटरवर हा गेम खेळत होतो. तुम्ही हसा, मले फरक नाही पडत.

अन् ज्यायले वाटते डिस्नेनं मिकी विकाले काढलेला हा धंदा आहे, त्यायनं हे आयकावं का २००२ च्या पयल्या गेममध्ये मिकी अगदी शेवटी दाराच्या पलीकडं तेवढा दिसते. डिस्नेनंच हात आखडता घेतला होता. गेम बनवला स्क्वेअर कंपनीनं, फायनल फँटसी नावाच्या गेमवाल्यायनं, दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा, अन् सोरा हा हिरो डिस्नेचा नाही तं त्यानं सोता काढलेला. कार्टून म्हणाच्या आधी एवढं तं पाहा.

कापूसकोंड्या
झालं का रडून? आता माझं आयक.

टाकीवर बसाचे म्हणून गेम चांगला, हे कोणतं लॉजिक आहे बाप्पा. आमी बी टाकीवर बसाचो, आमी खाली पडलो नाही एवढंच.

गोष्टीवर बोल. झेहानॉर्ट नावाचा एक मास्टर आहे. त्याचं हार्टलेस (काळीज अंधारात गेलं का त्याचा होणारा राक्षस) सोताले अन्सेम म्हणवते. त्याचं नोबडी (मागं उरलेलं रिकामं शरीर) म्हणजे झेमनास. मंग समजते का खरा अन्सेम वेगळाच होता, तो लाल फडके गुंडाळून फिरत होता. मंग झेहानॉर्टचा तरुणपणचा अवतार टाइम ट्रॅव्हल करून येते. मंग सगळे मिळून तेरा जण. आमच्या सातबाऱ्यावर एवढे वारस नाहीत अन् तो फेरफार अजून अडकून आहे.

अन् हे समजाले काय काय पायजे? पयला भाग पीएस टू नावाच्या गेमच्या डब्यावर. त्याच्या पुढचा, चेन ऑफ मेमरीज, २००४ मध्ये गेमबॉयवर. रॉक्ससची पूर्ण गोष्ट डीएसवर. पयल्या भागाच्या आधीची गोष्ट पीएसपीवर. २०१२ ची थ्रीडीएसवर. एक ब्राउझरवर, मंग फोनवर. अन् २०१९ ले तिसरा भाग काढला तं म्हणते मागचं सगळं तुमाले माहीत आहे असं धरून चालतो! अरे कोण आहे बे तो, ज्याच्या घरी हे सगळे डबे होते? आमच्या तालुक्याच्या गावात गेम पार्लर एकच, त्याच्यात पीएस टू, अन् लोकं फक्त डब्लूडब्लूई अन् क्रिकेट खेळाचे.

मी सोता खेळलेला आहे पयला भाग, म्हणून तोंड चालवून राह्यलो. त्याच्यात कुठंबी सेव्ह होत नाही, ठरलेल्या जागीच होते. अन् सीन पुढं ढकलता येत नाही. हॉलो बॅस्टिअन नावाच्या जागी रिकूशी, म्हणजे सोराच्या दोस्ताशी, लढाई आहे, तिच्या आधी हा एवढा मोठा सीन. हारलं का परत पहा. अन् त्या काळात आमच्याकडं लोडशेडिंग. सीन संपून लढाई सुरू होत नाही तं लाइन गेली. नोमुराले आमच्या फीडरवर पाठवा लागत होता आठ दिवस.

नागपुरी_बे
सीन स्किप होत नाही हे एकदम बरोबर बे, नंतरच्या एचडी वाल्यात देलं ते. आता स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आहे २०२४ पासून, सगळे भाग एकाच जागी, त्यामुळं डब्ब्यांचं रडगाणं जुनं झालं.

पण माझा राग वेगळा आहे. यांनी अलादीनचं अग्रबा घेतलं, हर्क्युलिस घेतला, समुद्राखालचं घेतलं, सिंहांचं जंगल घेतलं ज्यात सोरा छावा होते अन् गूफी कासव (डोनाल्ड पक्षीच, मेहनत वाचवली). पयल्यात टारझन पण होता, नंतर आलाच नाही. पण मोगली कुठं आहे? बघीरा, बल्लू, तो 'का' नावाचा अजगर? डिस्नेचा पिक्चर १९६७ चा आहे ना? अन् मोगली आपला आहे भाऊ! सिवनीचा! नागपूरवरून जबलपूर रोडनं निघा, पेंच पार केलं का सिवनी.

मास्तरीणबाई
सिवनी मध्य प्रदेशात आहे, "आपला" कसा झाला? सगळं नागपूरचंच असतं का.

असो. ज्यांना रविवार सकाळ आठवते त्यांनी हात वर करा. दूरदर्शनवरचा मोगली म्हणजे गुलजारांनी शीर्षकगीत लिहिलेला तो, तो डिस्नेचा नव्हताच, जपान्यांनी बनवलेली मालिका होती ती. आणि डिस्नेचा बल्लू आपण पाहिला तो टेलस्पिनमध्ये, विमान चालवताना, आणि शेरखान सूट घालून कंपनीचा मालक! डकटेल्सचे अंकल स्क्रूज, चिप अँड डेल, सगळे हिंदीत बोलायचे. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी होता, त्या काकू चपला बाहेर रांगेत काढायला लावायच्या आणि पहिला नंबर लावणाऱ्यालाच पलंगावर जागा.

माझा मुलगा हा गेम खेळतो, मी मागे भाजी निवडत बसते. स्क्रूज दुकानात आइस्क्रीम विकताना दिसला आणि मी ओरडलेच. मुलाला कळेना आईला झालं काय, कारण त्याने डकटेल्स पाहिलंच नाही. त्यामुळे पोरांचा गेम म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, यातल्या निम्म्या लोकांना आजची पोरं ओळखतात तरी का? ओळखणारे आपण, चाळिशीचे.

वऱ्हाडातला_सोरा
ताई हेच तं म्हणून राह्यलो मी!! चिप अन् डेल तं गमी शिपचे, म्हणजे गेममधल्या जहाजाचे, मेकॅनिक आहेत.

वैनगंगाकाठ
मास्तरीणबाई, सिवनी एमपीत असली तरी वैनगंगा तिथूनच निघते अन् आमच्या भंडाऱ्याहून, पवनीहून खाली जाते. किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात नदीचं नाव हायेच. मोगलीनं शेरखानले मारलं ते वैनगंगेच्याच नाल्यात, दोन्हीकडून म्हशी घुसवून. डिस्नेनं ते काढून टाकलं अन् वाघाच्या शेपटीले जळती फांदी बांधून पळवला. म्हणून मी म्हणतो गेममध्ये आणाचं असन तं म्हशी पायजेत. म्हशीयचा कळप सोडाचा कॉम्बो अटॅक. कीब्लेड (सोराची ती चाबी) ठेवा घरी.

नागपुरी_बे
म्हशींचा कॉम्बो 😂 हे नोमुराले पाठवा कोणीतरी. अन् शेरखानशी बॉस फाइट (मोठ्या दुश्मनाशी लढाई), ताडोबात.

धानपट्टा
ताडोबात बॉस फाइट म्हणे.

माफ करा पण हे वाचून माझं डोकं गेलं. तुमी नागपुरात बसून शेरखान शेरखान करता. आमच्या ब्रह्मपुरीकडं मोहफुलं वेचाले पहाटं गेलेली बाई संध्याकाळी घरी येईन का नाही हे सांगता येत नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसात रोज कुठून ना कुठून बातमी येते. माझ्या मावसभावाची गाय गेली, मंग गोऱ्हा गेला, मंग बांधावर पंजे दिसले तं त्यानं धान कापाले मजूरच भेटले नाही, कोणी याले तयार नाही. नुकसानीचा कागद कितीदा नेऊन देला, साहेब म्हणते फोटो काढला का. वाघाचा फोटो काढू का गायीचा?

कार्टूनमंदी वाघ सूट घालते. इथं नाही घालत.

नागपुरी_बे
अरे भाऊ गेमबद्दल बोलून राह्यलो, तू कायले चिडून राह्यला. जंगलात घुसले तर वाघ भेटनच ना, ते त्याचं घर आहे.

धानपट्टा
हे वाक्य पाठ करूनच देतात का रे शहरात? "ते त्याचं घर आहे." अन् आमचं काय, लॉज आहे का? आमच्या आजाच्या आजापासूनचं गाव आहे. सफारीचं बुकिंग करून जिप्सीत बसून चार घंटे फिराचं अन् मंग आमाले शिकवाचं.

पांढरकवडा_पॉइंट
धानपट्टा भाऊ बरोबर आहे. २०१८ मध्ये आमच्याकडं टी-वन वाघीण होती, १३ लोकायचा जीव गेला म्हणून तिच्या नावावर. लोकं कापूस वेचाले टोळी करून जाचे, एक जण नुसता ताट वाजवाले. नोव्हेंबरात गोळी घातली तं मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या. ते ताट वाजवत होतो तवा कोणी आलं नव्हतं.

पण एक सांगू, माझा बाप त्याच ताट वाजवणाऱ्या टोळीत होता अन् तोच म्हणाला का मारली ते चांगलं नाही झालं, पिल्लं होती तिची. दोन्ही बाजूनं बोलला म्हणून गावात त्याच्याशी कोणी चार दिवस धड बोललं नाही.

कापूसकोंड्या
हा धागा किंगडम हार्ट्सचा होता का वनखात्याचा?

मास्तरीणबाई
तुम्हीच "वावरात पाठवा" लिहिलं होतं ना. गेले सगळे वावरात.

वऱ्हाडातला_सोरा
ताईनं एक नंबर हाणला.

धानपट्टा भाऊ, तुमच्यावर कोणी हसत नाही, पण इथं एक बोलतो अन् गेमवर परत येतो. डिस्नेचं हेच आहे, दात काढलेले वाघ. अन् किंगडम हार्ट्समध्ये हार्टलेस आहेत ना, ते त्या गोड दुनियेत घुसतात अन् दुनियाच गिळतात. माणूस राहते, गाव नाही राहत. पयल्याच भागात सोराचं बेट असंच जाते, एका रात्रीत. ट्रॅव्हर्स टाउन नावाचं गाव आहे, तिथं सगळे तेच लोकं, ज्यायचं घर गेलं. म्हणून मी म्हणतो हा गेम बिनदाताचा नाही.

कापूसकोंड्या
एवढं सगळं आहे तं मंग तिसऱ्या भागात फ्रोझन पिक्चरमधल्या बर्फाच्या राणीचं गाणं अख्खंच्या अख्खं कायले टाकलं? सोरा खाली उभा राहून पाहते! पिक्चर आमी पाह्यला आहे, पैसे देऊन परत तोच पिक्चर कायले पाहाचा? डिस्नेच्या दुनियेत घंटोनघंटे फिरवते, गोष्ट पुढं सरकत नाही, अन् शेवटच्या काही तासात तेरा जणायचा हिशोब घाईघाईनं चुकता. अन् आधीच्या भागात असलेले फायनल फँटसीचे लोकं तं गायबच केले तिसऱ्यात, २०२० च्या डीएलसीत (वरून जोडाच्या भागात) दोन-चार परत आणले, ते बी पैसे घेऊन. ज्याच्यासाठी लोकं आले होते तेच काढलं. यावर बोल.

वऱ्हाडातला_सोरा
अरेन्डेलवर, म्हणजे त्या बर्फाच्या राणीच्या दुनियेवर, मी काही बोलत नाही. ते गाणं टाकाले नाही पायजे होतं. बास.

कापूसकोंड्या
लिहून ठेवा रे कोणी, तारीख टाका.

मास्तरीणबाई
माझ्या मुलाची तक्रार वेगळीच आहे, डोनाल्ड वेळेवर कधीच बरं करत नाही. सोरा मरायला टेकला की हा बदक वीज पाडत बसतो.

नागपुरी_बे
ताई मेनूत सेटिंग आहे, त्याची मॅजिक कधी वापराची ते बदलता येते. अर्ध्या लोकांनी ते उघडूनच पाह्यलं नाही अन् वीस वर्षांपासून बदकाले शिव्या देतात.

कापूसकोंड्या
मी उघडून पाह्यलं होतं. तरी नाही करत. ते बदक भैताडच आहे, यावर वाद नोको.

वैनगंगाकाठ
चौथ्या भागाची घोषणा २०२२ लेच झाली ना? त्याच्यात सोरा टोकियोसारख्या मोठ्या शहरात दिसते. म्हणजे तोबी गेला कमवाले.

वऱ्हाडातला_सोरा
हाव. अन् मधातला फोनवरचा गेम, मिसिंग-लिंक, २०२५ मध्ये रद्द केला. तुमच्या डब्यायच्या यादीतला एक तं कमी झाला भाऊ, खुश व्हा.

कापूसकोंड्या
खुश काहीच नाही, त्याच्यातली गोष्ट आता कुठं सांगणार? घड्याळात?

बरं, स्टीमवर आहे म्हणता तं कोणता पयले घेऊ? रॉक्ससचं ते टॉवरवालं पाहाचं आहे, बाकी तुमच्या झेहानॉर्टशी मले देणंघेणं नाही. अन् "सगळंच क्रमानं खेळ" असं कोणी सांगितलं तं मी ब्लॉक करीन.

वऱ्हाडातला_सोरा
जुन्या भागायचा १.५ अन् २.५ नावाचा एकच गठ्ठा भेटते, तो घ्या. पयला भाग तुमचा झालाच आहे. मंग चेन ऑफ मेमरीज, पत्त्यांचा आहे, बोर होईन पण करा, नाही तं दुसऱ्यात सोरा कायले झोपला आहे हेच समजत नाही. मंग दुसरा. डीएसवाल्या रॉक्ससच्या गोष्टीचे नुसते सीन देले आहेत त्याच्यात, ते दुसरा संपल्यावर पाहा.

कापूसकोंड्या
हे क्रमानंच झालं ना बे.

धानपट्टा
सेल लागला का सांगजा, मीबी घेतो. पण त्याच्यात वाघ असन तं नाही घेत.

नागपुरी_बे
अग्रबात आहे ना भाऊ, गुफाच वाघाच्या तोंडाची आहे. आत घुसा लागते.

धानपट्टा
मंग तुमीच घुसा.