वार्तापत्र पीडीएफमधून ब्लॉगवर न्यायचंय. जुन्या 44 अंकांचं आणि वाचकांच्या प्रश्नांचं काय करू?

वार्तापत्र_ताई

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात आहे. गेली 11 वर्षं आमचं त्रैमासिक वार्तापत्र मीच काढते. चार पानं, ए-फोर, दोन रकाने. मजकूर श्री-लिपी या जुन्या मराठी फाँट-प्रणालीत टाइप होतो, पेजमेकरमध्ये पानं लागतात आणि पीडीएफ सगळ्या विभागांना व संलग्न महाविद्यालयांना मेलने जाते. आधी 300 प्रती छापायचो. टाळेबंदीत छपाई थांबली ती थांबलीच.

आता संचालकांनी सांगितलंय की जूनपासून पीडीएफ बंद, ब्लॉग सुरू. वाचकांना लेखाखालीच प्रश्न विचारता आले पाहिजेत. ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, बसवून मिळालंय. मला हे मनापासून हवं आहे, आणि त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे.

गुगलने 2021 मध्ये जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना आता अमर्याद साठवण मिळणार नाही, जुलै 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी. आम्ही पहिल्या पानावर लेख केला: ड्राइव्ह कसा आवरायचा, मोठ्या फायली कशा शोधायच्या. अंक गेला आणि फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "शेअर केलेली फाइल माझ्या हिशेबात धरतात की मालकाच्या?" मालकाच्या. आणि मालकाने ती काढली की सगळ्यांचीच जाते. एवढं एक वाक्य माझ्याकडून लेखात राहून गेलं होतं. पीडीएफ सगळीकडे पोचलेली, तिच्यात ते घालणार कसं? खुलासा तीन महिन्यांनी पुढच्या अंकात आला. तोवर एका विभागातल्या मुलाने "सगळ्यांकडे आहेतच" असं समजून स्वतःच्या खात्यातल्या प्रात्यक्षिकांच्या गुणयाद्या पुसल्या होत्या. कचरापेटीत 30 दिवस, त्यापुढे 25 दिवस प्रशासकाला परत आणता येतात. आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा दोन्ही मुदती टळल्या होत्या. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. लेखाखाली प्रश्नाला जागा असती तर दुसऱ्या दिवशीच कोणीतरी विचारलं असतं.

अडचणी अशा आहेत. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. नॅकच्या (उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालात आम्ही जुन्या अंकांचे दुवे दिलेत, ते तुटले तर उत्तर मलाच द्यावं लागेल. आणि सहकारी म्हणतात, प्रतिक्रिया उघडल्यास की निकाल, वसतिगृह, मेस, सगळ्या तक्रारी तुझ्याच गळ्यात. कोणी हे केलंय का?

खिळे_ते_युनिकोड

ताई, फाँटच्या बाजूचं सांगतो, 20 वर्षं याच कामात आहे. पीडीएफमधून मजकूर उचलूच नका. पेजमेकरच्या मूळ फायली जपल्या असतील तर त्यांतून घ्या, आणि नेमका कोणता फाँट वापरलाय ते नावानिशी बघून त्याचंच परिवर्तक (जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नेणारं साधन) लावा. श्री-लिपी म्हणजे एकच संकेतन नव्हे, त्यामुळे एकाचं परिवर्तक दुसऱ्याला लावलं की जोडाक्षरं फुटतात.

रूपांतर झाल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा. पहिली वेलांटी: जुन्या फाँटांत "कि"ची वेलांटी क च्या आधी साठवलेली असते, कारण कागदावर ती आधी दिसते, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने क च्या नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. तिसरं म्हणजे "दुसऱ्या"मधला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला सारखाच, पण संगणकाला वेगळा. अर्धे लेख एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने गेले तर शोधखिडकीत "दुसऱ्या" घालून निम्मेच सापडतील. आधीच एक पद्धत ठरवून सगळीकडे तीच ठेवा.

आणि वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. हे लोक विसरतात. पानाची भाषा मराठी आहे असं ब्राउझरला कळलं तर नोटोसारखे चांगले फाँट आपला ल आणि आपला श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मला तरी आपल्या विद्यापीठाच्या पानावर पाकळीचा ल बघायला आवडेल.

सगळे 44 अंक मात्र करू नका, पाठ मोडेल. जे लेख आजही उपयोगी आहेत तेवढेच घ्या.

ग्रंथपाल_मराठवाडा

खिळेसाहेबांशी सहमत. उरलेल्या अंकांसाठी: जुन्या पीडीएफ आहेत त्या फोल्डरमधून हलवू नका. नावसुद्धा बदलू नका. ब्लॉग शेजारी उभा करा. हलवणं भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारं 301 पुनर्निर्देशन लावून घ्या आणि नॅकच्या अहवालातला प्रत्येक दुवा स्वतः उघडून बघा. प्रत्येक अंकासाठी युनिकोडमध्ये एक छोटं पान करा: अंक, महिना, लेखांची शीर्षकं, खाली पीडीएफ. 44 पानांची अनुक्रमणिका आठवड्याभरात होते आणि शोधात सगळं सापडू लागतं. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही (वेबपानांच्या प्रती जपणारी सोय) ती पानं जतन करून ठेवा. छापील अंकाला आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) घेतला असेल तर तोच ऑनलाइनला चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

एक काळजी आहे. पीडीएफ बदलता येत नाही हा तिचा दोष तुम्ही सांगितलात, पण तोच तिचा गुणही होता. मार्चमध्ये केंद्राने काय सांगितलं होतं ते मार्चच्या अंकात तसंच राहायचं. ब्लॉगवर गुपचूप बदल करू नका. काय बदललं आणि कधी, हे लेखाखाली तारखेसह लिहा.

ऐकून_वाचतो

मी संलग्न महाविद्यालयात शिकवतो आणि मला दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम) वापरतो, तो फुकट आहे आणि मराठी वाचतो. पण युनिकोड मराठी. जुन्या फाँटातली पीडीएफ उघडली की मला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं एकामागून एक ऐकू येतात. विद्यापीठांकडून येणारी अशी कितीतरी वार्तापत्रं मी दुसऱ्या वाक्याला बंद केली आहेत. पासवर्ड बदलायची मुदत, नवीन वायफाय, सगळं मला स्टाफरूममध्ये कोणाकडून तरी विचारून घ्यावं लागतं.

म्हणून ताई, तुम्ही हे कराच. फक्त ब्लॉगवर जाऊन मजकुराची चित्रं टाकू नका. पोस्टर करून चिकटवायची सवय सगळीकडे आहे, ते आमच्यासाठी कोरं पान असतं. उपशीर्षक ठळक अक्षरांत करण्याऐवजी हेडिंग म्हणून द्या, मी एका कळीने त्यावरून उड्या मारत जातो. आणि प्रतिक्रियेच्या चौकटीला "चित्रातली अक्षरं ओळखा" असलं कुलूप लावू नका. मलाही प्रश्न विचारायचे असतात.

लॅब_असिस्टंट_07

आमच्या संस्थेत हा प्रयोग झाला आणि फसला. तंत्र सगळं ठीक होतं. पहिल्या महिन्यात मुलांनी भरभरून विचारलं, उत्तर द्यायचं कोणी हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. दिवाळीपर्यंत प्रश्न येणं थांबलं. मुलं परत येत नाहीत हो, एकदा उत्तर मिळालं नाही की.

माझं मत, लेख ज्याने लिहिला त्यानेच 14 दिवस खालचे प्रश्न बघायचे, हे कार्यालयीन आदेशात घालून घ्या. त्यानंतर प्रतिक्रिया बंद करण्याची सोय वर्डप्रेसच्या सेटिंगमध्येच आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची प्रतिक्रिया मंजुरीशिवाय दिसू देऊ नका. तक्रारींपेक्षा मोठी भीती वेगळी आहे: मुलं मदत मागताना पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), मोबाइल, कधी पासवर्डसुद्धा लिहून टाकतात. मेसची तक्रार आली तर ती कुठे करायची ते सांगून दुवा द्या, पुसू नका. मेलही बंद करू नका. ब्लॉग आपणहून उघडून बघणारे थोडे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार शीर्षकं आणि चार दुवे जाऊ द्या.

वार्तापत्र_ताई

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोन कामं केली. 44 अंकांची यादी काढून बसले. आजही खरे ठरतील असे 17 लेख निघाले. तेवढेच युनिकोडमध्ये आणायचे, बाकीच्यांची ग्रंथपालांनी सांगितली तशी अनुक्रमणिका. मूळ फायली आहेत, फक्त 2014 चे दोन अंक सापडत नाहीत.

दुसरं, एनव्हीडीए उतरवून घेतलं आणि डोळे मिटून माझाच अंक ऐकला. सर, मी 11 वर्षं शुद्धलेखन तपासत होते आणि तुमच्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचत नव्हता. हे मला आधीच कळायला हवं होतं.

14 दिवसांच्या बाबतीत थोडं वेगळं करणार आहे. परीक्षेच्या काळात आमचा माणूस जाग्यावर नसतो, म्हणून लेखकासोबत दुसरं एक नाव आदेशात टाकून घेते. संचालकांकडे मसुदा सोमवारी ठेवते. प्रतिक्रिया मात्र 14 दिवसांनी बंद करणार नाही, साठवणीचा प्रश्न लोकांना सहा महिन्यांनीही पडतो.

ब्लॉगवर पहिला लेख तोच टाकतेय, साठवणीचा. सुरुवात या ओळीने: शेअर केलेली फाइल मालकाच्या हिशेबात धरली जाते, आणि मालकाने काढली की सगळ्यांची जाते.