काळा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे रिंगा गेल्याच असे नाही
इंजिनातला जळका वायू बाहेर सोडणारा हा व्हॉल्व्ह काळा दिसला म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, आता सिलिंडर बोअर (आतून कापून मोठा) करावाच लागेल, असे काहीजण म्हणतात; हे मत मला घाईचे वाटते. बोटाने पुसली जाणारी कोरडी काजळी बहुधा मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याची खूण असते. ओला, चिकट थर मात्र तेल जळत असल्याचे सांगतो, आणि तो व्हॉल्व्हच्या दांड्यावर पोर्टच्या (वायू बाहेर जाण्याच्या वाटेच्या) बाजूलाच असेल, तर आधी गाईड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) व तेल अडवणारे सील तपासावेत. रंगापेक्षा मी व्हॉल्व्हची सीटवर (बैठकीवर) टेकणारी कड पाहतो. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, उष्णता हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) उतरत नाही आणि सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी ती कड एका जागी जळते. हेड उतरवलेच आहे, तर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ते बंद व्हॉल्व्हच्या कडेने पाझरते का, ते पाहावे.