फ्लूची लस: घरातले ज्येष्ठ ‘हो’ का म्हणाले, ‘नको’ का म्हणाले?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय निघतोच. डॉक्टर ‘घ्या’ म्हणतात, घरी चर्चा होते आणि बरेच जण राहून जातात. १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांसाठी करोनाची लस खुली झाली, तेव्हा हीच मंडळी सकाळपासून रांगेत होती. मग फ्लूच्याच लशीला नकार का? ‘म्हातारी माणसं घाबरतात’ हे उत्तर मला पटत नाही. तुमच्या घरी नेमकं काय झालं ते लिहा. घेतली असेल तरी, नाकारली असेल तरी. कुणाला समजावायला जाऊ नका, आधी ऐकू या.

सून, पुणे
आमच्या सासूबाई दरवर्षी न चुकता घेतात, त्याला कारण २००९. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांची रांग. आमच्या वाड्यातल्या एक धडधाकट वहिनी त्यात गेल्या. सासूबाईंना लशीबद्दल काही सांगावं लागत नाही. मे संपत आला की त्याच विचारतात, “यंदाची आली का गं?”

निवृत्त शिक्षक, सोलापूर
मी नाही घेत. एकदा घेतली आणि चौथ्या दिवशी तापाने आडवा झालो. अंग ठणकत होतं, खोकला महिनाभर गेला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं की लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. लस लागू पडायला दोनेक आठवडे लागतात, तेवढ्यात दुसरा एखादा संसर्ग झाला असेल. हे पटतं. पण टोचताना कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. विश्वास तिथे उडाला तो अजून बसलेला नाही.

नातू, पंढरपूर
आमची आजी माळकरी. तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “यात अंडं असतं का?” डॉक्टर खोटं बोलले नाहीत. विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग शुद्ध करून लस बनवतात, लशीत अंड्याचा किंचित अंश राहू शकतो, असं सांगितलं. आजीने हात जोडले आणि उठली.

बाबा चिडले. औषधाला कसला आलाय नियम, म्हणाले. आत्यानेही फोनवरून समजावलं. आजी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, “मी नाही घेत. तुम्ही सगळ्यांनी घ्या. बाहेरून आणणार तुम्हीच ना? तुम्हाला झाला नाही तर मला कुठून होणार?” तेव्हापासून आम्ही सगळे घेतो, शाळेत जाणारी धाकटीसुद्धा. बाहेरच्या देशांत अंड्याशिवाय, पेशींवर वाढवलेल्या विषाणूची लस मिळते. ती इथे सहज मिळाली तर आजी पहिली जाईल.

मुलगी, नाशिक
पैसे. दुसरं काही नाही. खाजगी दवाखान्यात एकाचे दीड-दोन हजार होतात, आईबाबा दोघं, आणि तेही दरवर्षी. बाबा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, बाबांना त्याहून थोडीच जास्त मिळते. मी देते म्हटलं तर “माझ्या बीपीच्या गोळ्या तूच आणतेस, आता हे नको” म्हणतात. लहान मुलांच्या लशी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग वयस्कर माणसांना ही का मिळू नये, हे मला खरंच कळत नाही.

लेस्टर, इंग्लंड
आई कोल्हापुरात होती तेव्हा ‘कशाला उगाच’ म्हणायची. इथे ६५ च्या पुढे लस मोफत. शरद ऋतूत दवाखान्यातून निरोप येतो, ती शेजारणीबरोबर जाऊन घेऊन येते. मन वळवावंच लागलं नाही.

फॅमिली डॉक्टर, सांगली जिल्हा
माझ्याकडे मधुमेहाचे, दम्याचे पेशंट आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायका जास्त. त्यांना फ्लू झाला की न्यूमोनियापर्यंत जायला वेळ लागत नाही. ते विचारतात, “घेतल्यावर होणारच नाही ना?” मी सांगते, होऊ शकतो, पण ॲडमिट व्हायची पाळी येण्याची शक्यता कमी होते. असं खरं सांगितलं की माणसं परत येतात, हा माझा अनुभव.

अडतं ते ‘दरवर्षी’ या शब्दावर. एका आजोबांना वाटलं, डॉक्टरीण धंदा करतेय. मी फ्रिजमधून खोकं काढून हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वर्ष वाचलं, मग ‘दक्षिण गोलार्ध’ वाचून विचारलं, “हे आपलं कसं?” मग सगळंच सांगितलं. विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. आपल्याकडे साथ मुख्यतः पावसाळ्यात, म्हणून त्याआधी येणारी ही दक्षिणेची लस मी देते. आजोबांनी खोकं परत दिलं आणि बाही वर केली.

वय ७९, डोंबिवली
वरचं सगळं वाचलं. मला आजवर कुणी विचारलंच नाही. साखर पंचवीस वर्षांची, रक्त तपासायला लॅबचा मुलगा घरी येतो, डॉक्टर रिपोर्ट बघून फोनवर गोळ्या सांगतात. मुलं बंगळुरूला, रोज फोन करतात, पण त्यांच्याही डोक्यात हे आलं नसावं. माझा नकार नव्हता आणि नाही. गुडघ्यांमुळे तीन मजले उतरणं होत नाही. डोंबिवली पूर्वेला घरी येऊन लस देणारं कुणी खात्रीचं माहीत असेल तर इथे लिहा. आमच्याच जिन्यावर आणखी दोघं आहेत, त्यांनाही विचारून ठेवतो.