'पॅच'ला 'पट्टी' म्हणावे का?

प्रश्न : उपशामक सेवेतल्या (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेतल्या) रुग्णांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. पॅच (कातडीवर चिकटवायचा, औषध असलेला), सबक्युटेनियस आणि ब्रेकथ्रू पेन (नेहमीचे औषध चालू असूनही उसळणारे दुखणे) इथे गाडी अडली. 'त्वचापार पट्टी', 'अधस्त्वचीय' हे शब्द सुचले, पण ते वाचून कुणाला काही कळेल असे वाटत नाही.

उत्तर : 'अधस्त्वचीय' नकोच, सरळ 'कातडीखाली' लिहा. सिरिंज ड्रायव्हरला, म्हणजे कातडीखालच्या सुईतून औषध सोडणाऱ्या यंत्राला, 'पंप' पुरे. गिळता येईना किंवा उलट्या थांबेनात, की तो लावतात आणि औषध २४ तास हळूहळू जात राहते. हे कारण आधी लिहा, नाहीतर पंप म्हणजे शेवट असाच अर्थ लोक काढतात.

'पट्टी'ला मात्र माझा ठाम विरोध. जखमेची पट्टी असो की कपाळावरची मिठाच्या पाण्याची, आपल्याकडे पट्टी तक्रार असते तिथेच लागते. म्हणजे वाचणारा ती दुखऱ्या गुडघ्यावर चिकटवणार! फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाच्या पॅचमधले औषध कातडीतून रक्तात जाते. तो छातीवर किंवा दंडावर, धड कातडीवर लावायचा आणि बहुधा ७२ तासांनी बदलायचा, तोही जागा बदलून. पहिल्या पॅचचा गुण यायला १२ ते २४ तास लागतात. वरून शेकले तर औषध जास्त शोषले जाते आणि ते जिवावर बेतू शकते. 'पट्टी' म्हटले की शेक आलाच. 'पॅच' परका आहे म्हणूनच बरा. निदान माणूस सूचना तरी वाचेल.

आणखी एक : ब्रेकथ्रूला 'भेदक वेदना' करू नका. ठणका सतत असतो, कळ मध्येच उठते. 'मध्येच उठणारी कळ' म्हणा. (आयुर्वेदात बरा न होणाऱ्या, पण औषधाने आटोक्यात राहणाऱ्या रोगाला 'याप्य' म्हणतात. शब्द देखणा, पण आज कोण ओळखणार?)

प्रश्नकर्ती : पटले. मग मॉर्फिनपुढे 'गरजेनुसार' चालेल?

उत्तर : फक्त कळेसाठीच्या जादा डोसपुढे. नेहमीची साधी गोळी दर ४ तासांनी, दुखत नसले तरी. तिथे 'घड्याळाप्रमाणे' लिहा. 'गरजेनुसार' वाचले की लोक असह्य होईपर्यंत कळ काढत बसतात.

प्रश्नकर्ती : आणि 'बकल' (buccal) गोळीला काय लिहू?

उत्तर : 'गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरायची'. लांबले खरे, पण कुणी गिळणार नाही.